डनची प्रेमकविता कशी वाचायची: कंपास, वर्ख आणि आत्मा यांचा नेमका अर्थ लावण्याची पद्धत

जॉन डनच्या कवितेवरच्या उत्तरांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘कवीने प्रेमिकांची तुलना कंपासशी केली असून त्यातून त्यांचं अतूट प्रेम दिसतं.’ हे वाक्य चूक म्हणता येत नाही, पण त्यात कवितेतलं काहीच आलेलं नाही. कंपासचा कोणता पाय कलतो, कधी ताठ होतो, वर्तुळ कुठे मिटतं, याचा पत्ता नसतो. आणि कविता तर तिथेच घडते. डन, जॉर्ज हर्बर्ट, अँड्र्यू मार्व्हेल या सतराव्या शतकातल्या इंग्रजी कवींकडे प्रतिमा युक्तिवादाचं काम करते. ती आधी यंत्रासारखी चालवून पाहायची आणि मग तिच्या अर्थाकडे वळायचं. हा क्रम उलटा झाला की उत्तर पोकळ होतं.

इथे मुख्य उदाहरण म्हणून डनची ‘अ व्हॅलेडिक्शन: फॉरबिडिंग मोर्निंग’ ही निरोपाची कविता घेतली आहे. चार-चार ओळींची ९ कडवी, एकूण ३६ ओळी. आत्मा आणि शरीर यांच्या टप्प्यासाठी त्याचीच ‘द एक्स्टसी’ ही कविता लागेल. दोन्ही समोर ठेवूनच पुढे वाचा.

तयारी

ओळींना क्रमांक असलेली, तळटिपांची एक प्रत घ्या आणि शेवटपर्यंत तीच वापरा. डनच्या बहुतेक प्रेमकविता त्याच्या हयातीत छापल्या गेल्या नव्हत्या. त्या हस्तलिखित नकलांमधून फिरत होत्या. संग्रह निघाला १६३३मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. म्हणून विरामचिन्हं आणि काही शब्दसुद्धा प्रतीप्रतीत बदलतात. अर्धे उतारे एका प्रतीतले आणि अर्धे इंटरनेटवरचे घेतले, तर विवेचन स्वल्पविरामावर अडकतं.

शब्दाचे जुने अर्थ सालासकट देणारा मोठा इंग्रजी कोश हवा. ऑक्सफर्डचा मोठा कोश बहुतेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत असतो. शाळेच्या कंपासपेटीतला खराखुरा कंपास, कोरे कागद आणि दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. वेळ तीन बैठकांचा धरा: पहिली ४० मिनिटांची, पुढच्या दोन तासा-तासाच्या. गाइड आणि समीक्षेची पुस्तकं चौथा टप्पा संपेपर्यंत बंद ठेवा. ती आधी उघडली की डोळ्यांना कवितेत तेवढंच दिसतं.

*सावधान:* शीर्षकातला ‘मोर्निंग’ म्हणजे शोक. देवनागरीत तो ‘मॉर्निंग’ असा लिहिला की सकाळ वाटतो आणि ही पहाटेच्या निरोपाची कविता समजली जाते. कवितेत सकाळ कुठेच नाही. शीर्षक सांगतं ते एवढंच: निरोप घेताना शोक करायला मनाई.

टप्पा १: वाक्य लावा

आधी कडवी विसरा आणि पूर्णविराम शोधा. पहिली दोन कडवी मिळून एकच वाक्य होतं. पहिल्याच्या आरंभी ‘ॲज’ म्हणजे ‘जसं’ आहे आणि पाचव्या ओळीच्या आरंभी ‘सो’ म्हणजे ‘तसं’. साध्या मराठीत उतरवा: सज्जन माणसं जशी अलगद जातात, आत्म्याला ‘चल’ म्हणून कुजबुजतात, आणि जवळचे मित्र ‘श्वास गेला’ आणि ‘नाही, अजून आहे’ यांवर एकमत करू शकत नाहीत, तसेच आपण आवाज न करता विरघळू या.

पहिलं कडवं सुटं वाचणारे ‘कवितेची सुरुवात मृत्यूच्या वर्णनाने होते’ असं लिहून थांबतात. जुळवणी आहे ती वियोगाच्या *क्षणाची*. तो इतका सूक्ष्म असावा की पाहणाऱ्याला कळूच नये.

आता सांध्याचे शब्द एका रंगाने अधोरेखित करा: ओळ ५ ‘सो’, ११ ‘बट’, १७ ‘बट’, २१ ‘देअरफोर’, २५ ‘इफ’, २९ ‘अँड दो’, ३३ ‘सच’. हा झाला कवितेचा सांगाडा. प्रेमाच्या कवितेत ‘म्हणून’ आणि ‘जर’ इतक्या ठसठशीतपणे येतात, कारण बोलणारा समोरच्या व्यक्तीचं मन वळवत असतो.

*तपासणी:* कवितेचं गद्य मराठीत १५० ते २०० शब्दांत लिहा. त्यात ‘जणू’, ‘सुंदर’, ‘भावना’ हे शब्द आले तर तुम्ही सारांशाऐवजी प्रतिक्रिया लिहिली आहे. पुन्हा लिहा.

टप्पा २: शब्दांचे त्या काळचे अर्थ काढा

सगळे शब्द शोधायची गरज नाही. ओळखीचे वाटणारे शब्दच जास्त फसवतात, म्हणून आधी ते घ्या.

‘इनोसंट’ (ओळ १२): इथे ‘निष्पाप’ नव्हे, तर लॅटिन मुळाप्रमाणे ‘इजा न करणारा’. ‘ट्रेपिडेशन’ (ओळ ११): आज भीतीची थरथर, पण इथे टॉलेमी या प्राचीन खगोलशास्त्रज्ञाच्या परंपरेतली संज्ञा. पृथ्वीभोवती एकात एक स्फटिकगोल आहेत आणि त्यांतल्या बाहेरच्या गोलाला मंद झोके बसतात, अशी कल्पना होती. दोन्ही अर्थ कळले की तिसरं कडवं उलगडतं: भूकंप छोटा असून माणसं घाबरतात आणि त्याचा अर्थ लावत बसतात, आकाशगोलांचा कंप कितीतरी मोठा, पण त्याने कुणाचं काही बिघडत नाही. आपला वियोग दुसऱ्या जातीचा आहे.

‘सब्ल्यूनरी’ (ओळ १३): चंद्राच्या गोलाखालचं, म्हणजे पृथ्वी, पाणी, हवा, अग्नी या चार मूलतत्त्वांचं आणि म्हणून बदलणारं, नासणारं जग. ‘एलिमेंटेड’ (ओळ १६) त्याच कल्पनेतून येतो: ज्या गोष्टींनी ते प्रेम *घडलं*. ‘लेइटी’ (ओळ ८): धर्मदीक्षा न घेतलेले सामान्य लोक. म्हणजे हे दोघे आपल्या प्रेमाचे पुरोहित ठरतात आणि ते बाहेर सांगणं हा विटाळ. ‘जस्ट’ (ओळ ३५): न्याय्य नव्हे, अचूक.

मार्व्हेलच्या ‘टु हिज कॉय मिस्ट्रेस’मधलं ‘व्हेजिटेबल लव्ह’ हे या चुकीचं सगळ्यात बोलकं उदाहरण. त्याचा भाजीपाल्याशी संबंध नाही. तो शब्द आत्म्याच्या सर्वांत खालच्या शक्तीकडे बोट दाखवतो, जी फक्त वाढते. पाचव्या टप्प्यात तिचा खुलासा येईल.

टप्पा ३: बोलणारा, ऐकणारा, क्षण

इथे दहा मिनिटं पुरतात. कोण बोलतंय, कोणाला, निघण्याआधी की निघताना? फक्त कवितेतून उत्तर द्या.

*सावधान:* आयझॅक वॉल्टनने डनच्या चरित्राच्या १६७५च्या आवृत्तीत सांगितलं, की ही कविता डनने फ्रान्सला निघताना पत्नी ॲन हिला दिली. तो प्रवास १६११चा. ही वॉल्टनची माहिती आहे. कवितेत नाव, साल, लग्न यांतलं काहीही नाही. ‘वॉल्टनच्या मते’ असा एका वाक्यात उल्लेख करा. सगळं उत्तर त्यावर उभारलं, तर कवितेतल्या शब्दांना काही काम उरत नाही.

टप्पा ४: प्रतिमा चालवून पाहा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. प्रत्येक मोठ्या प्रतिमेसाठी कागदावर चार रकाने आखा: वस्तू, तिची क्रिया, काय जुळतं, काय जुळत नाही. चौथा रकाना रिकामा ठेवू नका. एकमेकांपासून लांबच्या गोष्टी जोडणाऱ्या अशा विस्तारित कल्पनेला वर्गात ‘कन्सीट’ म्हणतात आणि तिची गंमत न जुळणाऱ्या भागातही असते.

*वर्ख (ओळी २१–२४).* दोन आत्मे एकच आहेत, म्हणून एकाच्या जाण्याने भेग पडत नाही. सोनं ठोकून हवेसारखं पातळ करतात तसा विस्तार होतो. क्रिया नीट पाहा. ठोकताना सोनं *वाढत नाही*, पसरतं. आजचा सोन्याचा वर्ख साधारण ०.१ मायक्रॉन जाडीचा असतो. हजार वर्ख एकावर एक रचले तर कुठे मिलिमीटरचा दहावा भाग होतो. काय जुळतं? अखंडपणा, आणि सोन्याचं शुद्ध असणं. शुद्धतेची तयारी ओळ १७मधल्या ‘रिफाइन्ड’ या धातू शुद्ध करण्याच्या शब्दाने आधीच झालेली आहे. काय जुळत नाही? वर्ख फुंकरीनेही फाटतो. शिवाय तो ठोकूनच बनतो, म्हणजे वियोगाचे घाव नाकारलेले नाहीत. ही नाजूक बाजू नोंदवा. पुढची प्रतिमा का लागते ते इथूनच कळतं.

*कंपास (ओळी २५–३६).* ‘इफ’ शब्दावर थांबा. आतापर्यंतचा दावा होता की आत्मा एकच आहे. आता बोलणारा एक पायरी मागे येतो: बरं, दोन आहेत असं मानलं तरी ते कंपासच्या दोन पायांसारखे दोन आहेत. ही माघार हुकली की वर्ख आणि कंपास ही एकाच अर्थाची दोन उदाहरणं वाटतात. तशी ती नाहीत.

आता कंपास हातात घ्या.

१. टोकदार पाय (ओळ २७मध्ये तो तिचा आत्मा; पेन्सिलीचा पाय म्हणजे प्रवासाला निघालेला बोलणारा) कागदावर रोवा, पाय मिटलेले ठेवा. टोकदार पाय जवळजवळ उभा आहे.

२. पेन्सिलीचा पाय हळूहळू ५ सेंटिमीटर लांब न्या. टोकदार पायाचं टोक जागेवर राहतं, पण अंग त्या दिशेला कलतं. हे ओळ ३१चं कलणं आणि कान देणं.

३. पेन्सिलीचा पाय परत जवळ आणा. कललेला पाय ताठ होतो. हे ओळ ३२चं ‘घरी येणं’.

४. पुन्हा ५ सेंटिमीटर अंतर ठेवा आणि आता वर्तुळ काढा. टोकदार पाय सरकत नाही, जागच्या जागी फिरतो. ओळी २७–२८ म्हणतात तेच: हलल्यासारखा दिसत नाही, पण दुसरा हलला की हलतो. पेन्सिल जिथून निघाली तिथेच पोचते. हे ओळ ३६.

कृती करून पाहिली की एक गोष्ट आपोआप दिसते. क्रिया दोन आहेत: उघडणं-मिटणं आणि फिरणं. मिटताना प्रवासी केंद्राशी, म्हणजे तिच्याशी येऊन पोचतो. फिरताना मात्र तो परिघावरच्या आरंभबिंदूशी येतो, केंद्रापासून तेवढ्याच अंतरावर. एका क्रियेत भेट आहे, दुसऱ्या क्रियेत पूर्णता आणि अचूकता. ‘कंपास वर्तुळ काढून घरी परत येतो’ असं लिहिणारे दोन्ही क्रिया एकत्र करतात. खऱ्या कंपासने तसं होत नाही. डनने आठव्या कडव्यात पहिली आणि नवव्यात दुसरी ठेवून दोन्ही हव्याशा केल्या आहेत. तुमच्या उत्तरात त्या वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

एक जोड लक्षात ठेवा. किमयेच्या, म्हणजे हलक्या धातूंचं सोनं करू पाहणाऱ्या जुन्या विद्येच्या, चिन्हलिपीत सोन्याची खूण म्हणजे मध्ये ठिपका असलेलं वर्तुळ. कंपास कागदावर तेच काढतो. हे ‘वाचनाची शक्यता’ म्हणून मांडा, कारण कविता तसं उघड म्हणत नाही.

*तपासणी:* कंपासबद्दल तुम्ही लिहिलेल्या वाक्यात ‘कंपास’ काढून ‘दिवा’ किंवा ‘वेल’ घातलं आणि वाक्य तसंच खरं राहिलं, तर ते वाक्य खोडा.

हाच तक्ता मार्व्हेलच्या ‘द डेफिनिशन ऑफ लव्ह’वर वापरून पाहा. तिरक्या रेषा कुठेतरी छेदतात, समांतर रेषा अनंतापर्यंत गेल्या तरी भेटत नाहीत. मग परिपूर्ण जुळणी हेच न भेटण्याचं कारण ठरतं. दोन रेषा काढल्याशिवाय हे दुःख कळत नाही.

टप्पा ५: ‘आत्मा’ म्हणजे नेमकं काय ते ठरवा

मराठी वाचकाची मोठी घसरण इथे होते. ‘सोल’चं भाषांतर ‘आत्मा’ केलं की पाठोपाठ ज्ञानेश्वरी, अद्वैत, जीवा-शिवाचं ऐक्य आपोआप येतं आणि डन संतकवी होऊन बसतो. शब्द ‘आत्मा’च ठेवा, त्याला दुसरा सोयीचा शब्द नाही, पण पहिल्यांदा वापरताना त्याचा अर्थ एका वाक्यात बांधून घ्या.

या कवींचा आत्मा ॲरिस्टॉटलच्या विचारातून आणि ख्रिस्ती धर्मशास्त्रातून आलेला आहे. त्याच्या तीन शक्ती: पहिली वाढ, पोषण, प्रजनन (वनस्पतींत एवढीच), दुसरी इंद्रियज्ञान आणि हालचाल (प्राण्यांत या दोन), तिसरी विवेक आणि इच्छा (माणसात तिन्ही). प्रत्येक माणसाचा आत्मा ईश्वराने निर्माण केलेला, अमर आणि वेगळा. तो परब्रह्मात विलीन होत नाही. अंतिम दिवशी शरीरही पुन्हा उठतं, म्हणून शरीर हे टाकून द्यायचं वस्त्र ठरत नाही.

आता ओळ १४ वाचा. साध्या प्रेमिकांचा ‘आत्मा म्हणजे इंद्रियं’, म्हणजे त्यांचं प्रेम दुसऱ्या शक्तीवर थांबलेलं. इंद्रियांसमोरची वस्तू गेली की प्रेमाचं घटकद्रव्यच गेलं. ‘सेन्स’ आणि ‘ॲबसेन्स’ लागोपाठच्या ओळींत ठेवून डन हे कानालाही ऐकवतो.

*सावधान:* यावरून ‘डन शरीर नाकारतो’ असा निष्कर्ष काढू नका. ओळ २०मध्ये ‘केअर लेस’ आहे, म्हणजे डोळे, ओठ, हात यांच्या अभावाची *कमी* पर्वा. पर्वाच नाही, असं तो म्हणत नाही.

याची खातरजमा ‘द एक्स्टसी’मध्ये करा. शीर्षकाचं भाषांतर ‘परमानंद’ किंवा ‘समाधी’ करू नका. ग्रीक मुळात अर्थ आहे ‘बाहेर उभं राहणं’, आणि कवितेत दोन आत्मे खरोखर शरीरातून बाहेर येऊन, दोन तुल्यबळ सैन्यांमध्ये लटकलेल्या विजयासारखे अधांतरी बोलतात. शरीरं दिवसभर थडग्यावरच्या पुतळ्यांसारखी निश्चल पडून आहेत.

या कवितेत वाचताना अडखळायच्या जागा तीन. ‘इंटेलिजन्सेस’ म्हणजे बुद्धिमत्ता नव्हे, तर आकाशगोल फिरवणाऱ्या देवदूतांसारख्या शक्ती. आत्मा त्या शक्तीसारखा, शरीर गोलासारखं. ‘स्पिरिट्स’ म्हणजे भुतं नव्हेत आणि आत्मेही नव्हेत. गॅलन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या वैद्यकातली, रक्तापासून बनणारी सूक्ष्म द्रव्यं, जी शरीर आणि आत्मा यांची गाठ बांधतात. तिसरी जागा धातूंची: शरीर हे ‘ड्रॉस’ नाही, ‘अलॉय’ आहे, जुन्या छपाईत ‘अले’. ‘ड्रॉस’ म्हणजे वितळवल्यावर वर येणारी, फेकायची मळी. ‘अलॉय’ म्हणजे मुद्दाम मिसळलेला धातू. सोनाराकडे हा फरक रोज दिसतो: चोख सोनं मऊ, त्यात तांबं-चांदी मिसळली की दागिना टिकतो. ‘हिणकस’ एवढ्या एका शब्दात दोन्ही बसवले तर डनचा मुद्दा उलटा होतो. आत्म्यांनी खाली, इंद्रियांपर्यंत उतरलं पाहिजे, नाहीतर थोर राजपुत्र तुरुंगातच पडून राहतो, असा या कवितेचा निष्कर्ष आहे. प्रेमाची रहस्यं आत्म्यात वाढतात, पण शरीर हा त्यांचा ग्रंथ.

*तपासणी:* उत्तरात जिथे जिथे ‘आत्मा’ लिहिलंत तिथे कंसात १, २ किंवा ३ हा शक्तीचा आकडा टाका. पूर्ण आत्मा असेल तर ‘पू’. टाकता येत नसेल तर ते वाक्य धूसर आहे.

टप्पा ६: मोठ्याने वाचा

थोडक्यात उरका, पण वगळू नका. निरोपाच्या कवितेत प्रत्येक ओळीत साधारण आठ अक्षरावयव (सिलेबल) आहेत. ओळ २३ बोटांवर मोजा. ‘एक्स्पॅन्शन’ आजच्यासारखं तीन अवयवांत म्हटलं तर ओळ तोकडी पडते. ‘एक्स-पॅन-सि-ऑन’ असे चार केले तर बसते. विस्तार हा शब्द स्वतःच ताणला जातो. ओळ ७मधलं ‘प्रोफनेशन’ आणि ११मधलं ‘ट्रेपिडेशन’ मात्र ताणावे लागत नाहीत.

टप्पा ७: लिहा

८०० शब्दांच्या उत्तरासाठी वाटणी अशी ठेवा: प्रसंग आणि युक्तिवादाची दिशा १२०, पहिली पाच कडवी २००, वर्ख १३०, कंपास २५०, उरलेले १०० आत्मा आणि शरीर यांच्या नात्याला. कवीचं चरित्र, या कवींना ‘मेटाफिजिकल’ हे नाव कोणी दिलं, ही माहिती दोन ओळींपुढे नको. प्रश्न कवितेचा असतो.

प्रत्येक परिच्छेदाचा क्रम: ओळ क्रमांक, वस्तूची क्रिया, काय जुळतं, काय अडतं, आणि त्यामुळे युक्तिवाद कुठे सरकतो.

चुकीचं वाक्य: ‘कंपासच्या प्रतिमेतून कवीने आत्मिक प्रेमाची महती गायली आहे.’

दुरुस्त वाक्य: ‘ओळ २५मध्ये बोलणारा आत्मे एकच असल्याचा दावा सैल करतो; दोन पाय मान्य करून तो तिचं कलणं (ओळ ३१) वियोगाचा पुरावा न मानता नात्याचा पुरावा ठरवतो.’

लिहून झाल्यावर कागद एक रात्र बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी उत्तर झाकून ओळी २५ ते ३६ मोठ्याने वाचा आणि कंपासने एकेक क्रिया पुन्हा करा. हात कुठे थांबला ती ओळ पाहा, आणि तुमच्या उत्तरात तिच्याबद्दल काय लिहिलंय ते तपासा.